संगीतबद्ध दारूकाम : लय, सम आणि प्रतीक्षा

१

मराठी सौंदर्यविचारात काव्य, नाट्य, संगीत, चित्र व शिल्प यांच्या स्वरूपाची जितकी चर्चा झाली, तिच्या मानाने दारूकामाचा विचार अगदीच तोकडा आहे. याची दोन कारणे संभवतात. एक तर दारूकामाची कृती क्षणात जळून जाते. समीक्षकाला पुनःपुन्हा पाहता यावे असे तीत काही उरत नाही. दुसरे असे की, लग्न, यात्रा, विजयोत्सव अशा प्रसंगांची केवळ शोभा म्हणूनच तिची गणना झाली. ‘शोभेची दारू’ हा शब्दप्रयोगच या दृष्टीने बोलका आहे. शोभा ही नेहमी दुसऱ्या कशाची तरी असते. तिला स्वतःचा विषय नसतो, अशी समजूत त्या शब्दात दडलेली आहे.

संगीताच्या तालावर रचलेल्या मोठ्या दारूकामाने मात्र ही समजूत अडचणीत आणली आहे. ध्वनिवर्धकातून संगीत चालू असावे आणि त्याच्या प्रत्येक आघातावर आकाशात प्रकाश उमलावा, असा हा प्रकार. येथे दारूकाम कोणाची शोभा म्हणून उभे राहत नाही. संगीताशी बरोबरीचे नाते जोडून ते स्वतः एक रचना असल्याचा दावा करते. हा दावा कितपत टिकतो, आणि टिकत असल्यास कोणत्या अर्थाने, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

या चिकित्सेसाठी पिंपरी-चिंचवडचा परिसर विशेष सोयीचा ठरतो. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना झाली, पुढे मोटारींचे व यंत्रांचे कारखाने आले, १९८२ साली महानगरपालिका झाली. परंतु जुनी गावे आपापल्या ग्रामदैवतांसह शहराच्या पोटात जिवंत राहिली. त्यामुळे पालखीपुढचे पारंपरिक दारूकाम आणि मैदानावरील विजेच्या कळीने पेटणारे दारूकाम ही दोन्ही रूपे येथील रहिवाशाला एकाच वर्षात पाहावयास मिळू शकतात. शिवाय पेशवाईतील ज्या दारूकामाची मराठी बखरीत नोंद आहे, ती पर्वतीची टेकडीही येथून पंधरा-वीस किलोमीटरांवरच आहे.

२

दारूकामाच्या भारतीय इतिहासाचा पाया परशुराम कृष्ण गोडे यांनी घातला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या या अभिरक्षकांनी इ. स. १४०० ते १९०० या कालखंडातील भारतीय दारूकामावरील आपला इंग्रजी प्रबंध १९५३ साली प्रसिद्ध केला. १४४३ साली विजयनगरास आलेल्या अब्दुर रझाकाचे प्रवासवर्णन, गजपती प्रतापरुद्रदेवाच्या नावे असलेला ‘कौतुकचिंतामणि’ हा संस्कृत ग्रंथ, एकनाथांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ (१५७१) अशी परस्परांपासून दूर असलेली साधने त्यांनी एकत्र आणली. एकनाथांच्या काव्यात विवाहसोहळ्याच्या वर्णनात दारूकाम येते, यावरून सोळाव्या शतकात ते मराठी श्रोत्याच्या परिचयाचे झालेले असले पाहिजे, हे अनुमान सहज निघते.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने गोडे यांनी दिलेला सर्वांत महत्त्वाचा आधार ‘पेशव्यांच्या बखरी’तील आहे. कृष्णाजी विनायक सोहोनी यांच्या या बखरीत महादजी शिंदे सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीची हकीकत सांगतात. तेथील राजा नगराबाहेर दारूची लंका उभारतो; तीत रावण, राक्षस व वानर असतात; दारूच्याच हनुमंताचे शेपूट पेटविले की तो उडत जाऊन घरामागून घर जाळीत सुटतो. हे ऐकून पेशव्यांनी तसाच प्रयोग पुण्यात करण्याची आज्ञा केली आणि अमावास्येच्या काळोखात पर्वतीच्या पायथ्याशी लंकादहन झाले. पेशवे, सरदार व नगरजन यांनी ते टेकडीवरून पाहिले, असे बखर सांगते.

बखर ही प्रसंगानंतर बऱ्याच काळाने सिद्ध झालेली रचना असल्यामुळे तिच्यातील तपशील समकालीन कागदाच्या तोलाचा मानता येणार नाही. तथापि दारूकामाकडून त्या काळच्या रसिकाची अपेक्षा काय होती, हे समजण्यास तिचा पुरावा पुरेसा आहे. त्यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली म्हणजे, येथे दारूकामाला एकत्व दिले ते कथेने. कोणता भाग आधी पेटावा आणि कोणता शेवटी, हे रामायणाने ठरविलेले होते. दुसरी गोष्ट दृष्टीच्या दिशेची. आजचा प्रेक्षक मान वर करून आकाशाकडे पाहतो; बखरीतला प्रेक्षक उंचावरून खाली, जळणाऱ्या नगरीकडे पाहतो. ते दारूकाम भूमीवर रचलेले, वास्तूच्या आणि नाट्याच्या जवळचे होते. ज्या दारूकामाने भूमी सोडली व कथाही सोडली, त्याला एकत्वासाठी दुसरा आधार शोधणे भाग पडले. तो आधार संगीताने पुरविला.

३

संगीत आणि दारूकाम एकत्र येणे ही मात्र नवी गोष्ट नव्हे. पुणे जिल्ह्यातील यात्रांच्या कार्यक्रमपत्रिकांत ‘पालखी, छबिना व शोभेचे दारूकाम’ ही शब्दमालिका ठरलेली असते. ढोल-लेझीम, हलगी, सनई आणि अलीकडे बँड, यांच्या गजरात पालखी निघते व वाटेत ठिकठिकाणी नळे, चक्रे, झाडे पेटतात, औटगोळे सुटतात. वादक आपल्या अंगाने वाजवीत असतो, दारूवाला आपल्या अंगाने वात लावीत असतो. दोघांमध्ये ताळमेळ ठरलेला नसतो आणि तो नसल्याची खंतही कोणाला वाटत नाही. कारण दोघांचा रोख पालखीकडे असतो. या नात्याला सन्निधी म्हणता येईल. दोन कला शेजारी उभ्या आहेत, परंतु एकीचे अंग दुसरीत गुंतलेले नाही.

युरोपातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरणही वस्तुतः सन्निधीचेच आहे. एक्स-ला-शापेलच्या तहाप्रीत्यर्थ २७ एप्रिल १७४९ रोजी लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये मोठे दारूकाम झाले आणि त्यासाठी हँडेलने वाद्यसंगीत रचले. तंतुवाद्ये नकोत, रणवाद्येच असावीत, अशी राजा दुसऱ्या जॉर्जची इच्छा होती. प्रयोगाच्या वेळी हवा ओली होती, लाकडी मंडपाचा एक भाग पेटला, दारूकाम फसले. संगीत मात्र टिकून राहिले. पण हे संगीत मुख्यतः दारूकामाच्या आधी वाजावयाचे होते. दारूकाम त्याच्या मात्रांवर बसविलेले नव्हते आणि हातात जळती काडी घेऊन वात पेटविणाऱ्या माणसांना ते बसविणे शक्यही नव्हते.

विजेच्या ठिणगीने दूरवरून दारू पेटविण्याची आणि पुढे त्या ठिणग्यांचे वेळापत्रक संगणकात भरून ठेवण्याची सोय झाल्यावरच सन्निधीच्या जागी तालबद्धता आली. कॅनडातील माँट्रियल येथे १९८५ पासून भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दारूकाम संगीतावर बसविलेलेच असावे लागते. आज मोठ्या दारूकामाचा हाच आदर्श सर्वत्र मान्य झाला आहे, आणि संगीताच्या आघाताशी स्फोटाची वेळ जितकी तंतोतंत जुळेल तितकी रचना श्रेष्ठ, अशी समजूतही त्याबरोबर रूढ झाली आहे. या समजुतीचीच तपासणी येथे करावयाची आहे.

४

औटगोळा नळीतून सुटल्यापासून उंचीवर फुटेपर्यंत काही काळ जातो. मोठ्या गोळ्याच्या बाबतीत हा काळ सुमारे चार सेकंदांचा धरता येईल. म्हणजे स्फोट ज्या क्षणी हवा त्याच्या चार सेकंद आधी गोळा सोडावा लागतो. रचनाकाराला नेहमी उलटे मोजावे लागते : आधी शेवट ठरवावयाचा, मग आरंभ शोधावयाचा.

हिंदुस्थानी संगीताच्या अभ्यासकाला ही उलटी गणना अपरिचित नाही. तबलावादक तिहाई घेतो तेव्हा तिचा शेवटचा बोल समेवर पडावा म्हणून तो आरंभाची मात्रा आधीच हेरून ठेवतो. एक उदाहरण घेऊ. मिनिटाला १२० मात्रांच्या गतीने त्रिताल चालू असल्यास अर्ध्या सेकंदाला एक मात्रा आणि आठ सेकंदांना सोळा मात्रांचे एक आवर्तन होते. समेवर स्फोट हवा असेल, तर चार सेकंद म्हणजे आठ मात्रा आधी गोळा सुटला पाहिजे. आणि समेच्या आठ मात्रा आधी जी मात्रा येते ती नववी, म्हणजेच खाली होय. गोळा खालीवर सुटावा आणि समेवर फुटावा, असा हा हिशेब आहे. आवर्तनाचा संपूर्ण उत्तरार्ध त्या वर चढणाऱ्या ठिणगीच्या रेषेने व्यापलेला असतो.

आता ध्वनीचा विचार करावयाचा. प्रकाश तत्क्षणी पोचतो; ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर या वेगाने येतो. गोळा १५० मीटर उंचीवर फुटला आणि प्रेक्षक त्याच्या बुडापासून ३०० मीटरांवर बसलेला असला, तर स्फोटापासून त्याचे तिरपे अंतर सुमारे ३३५ मीटर भरते व धमाका त्याला एक सेकंदाने, म्हणजे दोन मात्रांनी उशिरा ऐकू येतो. संगीत मात्र जवळच्या ध्वनिवर्धकातून येत असल्यामुळे वेळेवर पोचते. डोळ्याची सम पहिल्या मात्रेवर पडते आणि धमाका तिसरीवर. शंभर मीटरांवर बसलेल्या प्रेक्षकाला तोच धमाका सुमारे एका मात्रेने उशिरा ऐकू येईल आणि सहाशे मीटरांवरच्या प्रेक्षकाला साडेतीन मात्रांहून अधिक उशिरा. एकाच मैदानावरील दोन माणसे एकच रचना पाहतात, पण ऐकतात निरनिराळी.

यावरून निघणारा निष्कर्ष साधा पण महत्त्वाचा आहे. तंतोतंत जुळणी हा जो निकष मानला जातो, तो फक्त डोळ्यापुरता खरा आहे. कानाच्या बाबतीत दारूकाम संगीताला कधीही तंतोतंत भेटत नाही, आणि यंत्र कितीही अचूक झाले तरी सर्व प्रेक्षकांसाठी एकाच वेळी भेटणारही नाही. हा यंत्राचा दोष नसून माध्यमाचा धर्म आहे. माध्यमाच्या धर्माविरुद्ध जाणारा निकष समीक्षेत फार काळ टिकू शकत नाही.

५

या ठिकाणी बा. सी. मर्ढेकर यांच्या लयविचाराची मदत घेता येते. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात मर्ढेकरांनी संवेदनांच्या रचनेमागे संवाद, विरोध आणि समतोल ही तत्त्वे मांडली. आघातावर स्फोट, हळुवार स्वरावर झरणारी सोनेरी पालवी, द्रुत गतीवर भराभर सुटणारे बाण, अशी रचना केवळ संवादाच्या तत्त्वावर उभी असते. संगीतात जे झाले तेच आकाशात पुन्हा होते. सुरुवातीची पाचसात मिनिटे ही पुनरुक्ती सुखद वाटते. नंतर प्रेक्षक पुढे काय होणार हे ओळखू लागतो आणि त्याचे कुतूहल मावळते. संवाद हे लयीचे एक अंग आहे, सर्वस्व नव्हे.

विरोधाचे तत्त्व वापरणारी रचना याहून वेगळी असते. स्वर टिपेला पोचला असता आकाश काळोखे ठेवणे, किंवा संगीत थांबल्यावर एकच चंद्रज्योती मंदपणे जळू देणे, यांत प्रकाश संगीताचे अनुकरण करीत नाही. त्याला उत्तर देतो. काळोख आणि शांतता ही या कलेची खरी पार्श्वभूमी आहे. त्यांचा वापर न करणारे दारूकाम म्हणजे विश्रांतीच्या जागा नसलेले गायन होय.

समतोलाचा प्रश्न अधिक अवघड आहे. मर्ढेकरांच्या विचारात प्रत्येक कलेचे माध्यम म्हणजे विशिष्ट प्रकारच्या संवेदना असल्यामुळे, दोन निरनिराळ्या इंद्रियांच्या संवेदनांची एकच लय कशी बांधावयाची, हा पेच उरतोच. संगीतबद्ध दारूकाम हा पेच उघडा करून दाखविते. त्यातून बाहेर पडण्याचा मार्ग वरील त्रितालाच्या उदाहरणातच सापडतो. प्रकाश आणि स्वर या भिन्न संवेदनांना समान असे एकच काही आहे : त्यांचा काळ, आणि त्या काळात जागृत होणारी अपेक्षा. खाली आली की जाणकार श्रोता समेची वाट पाहू लागतो. ठिणगीची रेषा वर चढू लागली की प्रेक्षक स्फोटाची वाट पाहू लागतो. या दोन प्रतीक्षा एकमेकींत मिसळल्या की दोन कलांचे ऐक्य घडते. स्फोट हा त्या ऐक्याचा शेवट आहे, त्याचे स्थान नव्हे. त्या क्षणी जुळणी अर्ध्या मात्रेने चुकली तरी बिघडत नाही. आधीच्या आठ मात्रा रिकाम्या गेल्या असतील, तर मात्र अचूक जुळूनही हाती काही लागत नाही. सारांश, संगीतावर बसवावयाचे ते चढणे होय.

ध्वनी हेच मुख्य माध्यम मानणाऱ्या परंपरांचा दाखला येथे आक्षेप म्हणून पुढे येऊ शकेल. स्पेनमधील वलेंसिया येथे मार्च महिन्यातील उत्सवात भर दुपारी, म्हणजे प्रकाश दिसण्याचा फारसा प्रश्नच नसताना, केवळ धमाक्यांच्या चढत्या लयीसाठी दारूकाम केले जाते. केरळातील त्रिशूरच्या पूरम उत्सवातही दारूकामाच्या नादाचे महत्त्व त्याच्या प्रकाशाहून कमी नाही. परंतु ही उदाहरणे प्रस्तुत मताला बाधक नसून पोषकच आहेत. तेथे धमाका स्वतःच वाद्य झालेला असतो. त्याला दुसऱ्या संगीताशी जुळण्याची गरज नसते. स्फोटाचा नाद आणि ध्वनिवर्धकातील संगीत हे दोन स्वतंत्र नाद एकमेकांवर लादले जातात, तेव्हाच गोंधळ माजतो. आणि हीच चूक मैदानावरील बहुतेक संगीतबद्ध दारूकामांत आढळते.

या दृष्टीने पाहता ध्वनिमर्यादेचे निर्बंध कलेला मारक आहेत, ही तक्रारही तपासून घ्यावी लागते. १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेने फुटण्याच्या जागेपासून चार मीटरांवर १२५ डेसिबलहून अधिक आवाज करणाऱ्या फटाक्यांच्या निर्मितीस व विक्रीस मनाई केली. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने फटाक्यांच्या माळा व बेरियमच्या क्षारांचा वापर यांवर बंदी घातली. दारूकामातील गडद हिरवा रंग प्रामुख्याने बेरियममुळेच येतो. रंग गेला ही हानी खरी. परंतु आवाज घटला ही संगीतबद्ध दारूकामाच्या दृष्टीने हानी म्हणता येणार नाही. उशिरा येऊन ताल बिघडविणारा धमाका जितका सौम्य, तितकी संगीताशी केलेली जोडणी निर्दोष. येथे कायद्याची गरज आणि कलेची गरज एकाच दिशेने जातात.

६

समीक्षेच्या दृष्टीने आणखी एका बदलाची नोंद करणे आवश्यक आहे. दारूकामाची प्रत राहत नाही, असे आरंभी म्हटले. तालबद्ध दारूकामात कोणता गोळा कोणत्या सेकंदाला, कोणत्या नळीतून व कोणत्या कोनाने सोडावयाचा, याचे लेखी कोष्टक तयार होते. दारूकामाला मिळालेली ही एक प्रकारची संहिताच आहे. बंदिशीची स्वरलिपी म्हणजे गायन नव्हे, तसे हे कोष्टक म्हणजे दारूकाम नव्हे. वारा, धूर आणि हवेतील ओल त्यात लिहिलेली नसतात. तथापि तुलनेला आणि अभ्यासाला त्यामुळे पक्का आधार मिळतो. पर्वतीच्या लंकेची अशी संहिता असती, तर बखरीच्या चार ओळींवर भिस्त ठेवण्याची वेळ गोडे यांच्यासारख्या संशोधकावर आली नसती. विद्यापीठांच्या नाट्य व संगीत विभागांनी अशी कोष्टके मिळवून जपणे, हे त्यामुळे निकडीचे काम ठरते.

या संहितेतही एक उणीव मात्र बखरीसारखीच आहे. बखर महादजींचे नाव सांगते, पेशव्यांचे सांगते. ज्यांनी लंका बांधली आणि हनुमंताच्या अंगात दारू ठासली त्यांची नावे सांगत नाही. आजच्या कोष्टकात गोळ्यांचे क्रमांक असतात, तो ठासणाऱ्या हातांचा उल्लेख नसतो. लयविचारात माध्यम म्हणजे संवेदना. परंतु दारूकामाला संवेदनेआधी एक द्रव्य असते, आणि ते द्रव्य त्याच्या कारागिराला जाळू शकते. चित्रकाराच्या रंगाबद्दल किंवा गायकाच्या स्वराबद्दल असे म्हणता येत नाही.

पिंपरी-चिंचवडला ही गोष्ट सांगावी लागू नये. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवडे येथील एका कारखान्यात आग लागली. वाढदिवसाच्या केकवर लावावयाच्या, ठिणग्या उडविणाऱ्या मेणबत्त्या तेथे तयार होत होत्या. काम करणाऱ्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. त्या दिवशीच सहाजणी मृत्यू पावल्या आणि जखमींपैकी आणखी काही पुढील दिवसांत दगावल्या. ती मेणबत्ती म्हणजे दारूकामाचे सर्वांत लहान रूप : घरच्या टेबलावर, वाढदिवसाच्या गाण्याबरोबर, काही सेकंद झरणारा प्रकाश. संगीत आणि ठिणगी यांची जोडणी तेथेही असते, आणि तिची किंमत कोणी चुकविली हे गाणाऱ्यांना ठाऊक नसते.

या प्रसंगाचा उल्लेख येथे केला तो करुणा जागविण्यासाठी नव्हे. एखाद्या कलेचे मूल्यमापन करताना तिची सामग्री कोठून आली व कोणत्या स्थितीत घडली, हे विचारणे कलाबाह्य मानण्याची प्रथा आहे. इतर कलांच्या बाबतीत ती प्रथा क्षम्य ठरेल. दारूकामाच्या बाबतीत ठरत नाही, कारण येथे सामग्रीचा गुणधर्म आणि कलेचा परिणाम ही एकच गोष्ट आहे. जे प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे फुटते तेच कारागिराच्या हातांत फुटू शकते. गोळ्यांची संख्या आणि आवाजाची पातळी यांवर दारूकामाची थोरवी मोजली गेली, की हे द्रव्य अधिकाधिक, लवकर आणि स्वस्त तयार करण्याची ओढ लागते. एका गोळ्याच्या चढण्याची वाट पाहावयास लावणारी रचना थोड्या द्रव्यात उभी राहते. म्हणून संख्येऐवजी प्रतीक्षेचा निकष स्वीकारणे हे सौंदर्यदृष्ट्या जितके योग्य, तितकेच व्यवहारतःही हिताचे ठरेल.

संगीतबद्ध दारूकामाचा कला असल्याचा दावा, वरील विवेचनावरून, मान्य करावयास हरकत नाही. मात्र तो ज्या आधारावर केला जातो तो आधार बदलला पाहिजे. स्फोट आघातावर पडला की नाही, हे यंत्रही सांगू शकते. गोळा वर चढत असताना संगीत काय करीत होते, काळोख कोठे राखला होता, उशिरा येणाऱ्या धमाक्याची रचनाकाराने काय व्यवस्था केली होती, आणि तो गोळा कोणी व कोणत्या स्थितीत ठासला होता, हे विचारणे समीक्षकाचे काम आहे.